रजा अकरापासून

५ जुलै, शनिवार

दिलीप आज इरावर ओरडला. सोळा वर्षांच्या पोरीवर, तेही तिच्या शाळेच्या प्रोजेक्टवरून! मला अजून राग आवरत नाहीये.

निशिगंधाची, आमच्या लेकीची, आज हॉस्पिटलात ड्यूटी, म्हणून नात सकाळपासून आमच्याकडे. डोक्यावरून सिंगापूरच्या नॅशनल डेच्या सरावाची विमानं घोंगावत होती, खिडक्या थरथरत होत्या, आणि इरा डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून आयर्लंड घेऊन बसलेली. १९१४ साल. ब्रिटिश सरकारने आयर्लंडला स्वराज्य द्यायचं ठरवलं. उत्तरेला अल्स्टरमधल्या लोकांना ते नको होतं, त्यांनी बंदुका जमवल्या. तिकडे फौज पाठवायची वेळ येईल असं दिसलं, तेव्हा छावणीतले घोडदळाचे अधिकारी म्हणाले — हुकूम दिलात तर आम्ही जाणार नाही, हवं तर काढून टाका. एक ब्रिगेडियर आणि सत्तावन अधिकारी.

"आजोबा, तुम्ही आर्मीत होता ना? यू विल रिफ्यूज ऑर नॉट?"

"सैनिक नाही म्हणत नाही. लिही आणि संपव."

"बट दे डिड, लाह! फिफ्टी-सेव्हन ऑफ देम."

"मग त्या सत्तावन जणांना गोळ्या घालायला हव्या होत्या!"

असा आवाज की शेजारच्या मिसेस टॅनचा कुत्रा भुंकायला लागला. इराने लॅपटॉप मिटला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बहात्तर वर्षांच्या माणसाने एवढं पेटून उठावं असं आयर्लंडने त्याचं काय घोडं मारलंय?

६ जुलै, रविवार

इराला फोन केला. म्हटलं, करॅघ नाही म्हणायचं. त्या छावणीचं नाव लिहितात कसंही, म्हणायचं कर्रा. "तुला काय माहीत?" म्हणे. अगं, मला तिथल्याच बाईने शिकवलंय!

सिस्टर डिम्फना. सातवीत आम्हाला इतिहासाला होती. पुस्तकातला धडा दहा मिनिटांत उरकायची आणि खडूची बोटं झग्याला पुसत स्वतःच्या गावच्या गोष्टी सांगत बसायची. तिचे वडील त्या कर्राच्या तबेल्यात कामाला होते. ती तेव्हा चार वर्षांची. घोड्यांना पाणी पाजून झालंय, खोगिरं चढवलीत, आणि निरोप येतो — उतरवा, साहेबलोक जाणार नाहीत! वडील म्हणे जन्मभर एवढीच हकीकत सांगत राहिले. "साहेबांना विचार करायला दोन तास दिले होते," सिस्टर म्हणायची. "माझ्या वडिलांना दोन मिनिटंही कोणी दिली नाहीत. नाही म्हणायचा हक्क घोड्यावर बसणाऱ्याचा. घोडा धरणाऱ्याला कोण विचारतो?" आणि तो गोरा, ठिपक्याठिपक्यांचा चेहरा लालेलाल व्हायचा. साठ वर्षांनंतरही! आम्ही मुली बाकाखाली एकमेकींना चिमटे काढून हसायचो. आज तिचा तो राग मला फार जवळचा वाटतो. कुठे पुरलं असेल तिला? शाळेमागच्या त्या छोट्या जागेतच असणार. कधी जाऊन फूलसुद्धा ठेवलं नाही.

"वाह, आजी, यू आर प्रायमरी सोर्स!" इरा म्हणाली. चला, या वयात काहीतरी झाले.

८ जुलै, मंगळवार

दिलीपने इरासाठी खालच्या हॉकर सेंटरच्या स्टॉलवरून आइस कचांग, किसलेल्या बर्फाचा वाडगा, आणला. सॉरी म्हणाला नाही. वितळलेला बर्फ हीच माफी!

११ जुलै, शुक्रवार

शुभदा आली! लेकाकडे, अंकुरच्या घरी, आंग मो किओला. पाच ऑगस्टच्या रात्री परत. फोनवर पाऊण तास बोललो आणि तरी काही बोलून झालं नाही. तिचा तो खर्जातला आवाज तसाच आहे. "विनीता, तू म्हातारी झालीस की अजून केस काळे करतेस?" पहिलं वाक्य हे!

तिचा नवरा विक्रांतही आलाय. दिलीप मेजर होता तेव्हा विक्रांत त्याच्याच कंपनीत कॅप्टन. छावणीत आमच्या घरांची भिंत एक होती. आमच्याकडे कुकरची शिट्टी झाली की शुभदा पलीकडून विचारायची, "वरण की भात?" किती साधे, किती भरलेले दिवस होते ते!

आणि मग शहाऐंशीचा नोव्हेंबर. दिलीपच्याच गावात गिरणी बंद पडली, मोर्चे निघाले, जाळपोळ झाली. पोलिसांना आवरेना म्हणून पलटणीला बोलावलं. दिलीप रजेवर होता. मी पुण्याला माहेरी, दिवस भरत आलेले. विक्रांत कंपनी घेऊन दूर रेंजवर सरावाला गेलेला, तो तिथूनच परस्पर त्या गावात गेला. कर्नलसाहेब त्याला तेराच्या रात्री वाटेत भेटले. चौदा तारखेला बाजारात गोळीबार झाला. तीन माणसं गेली.

नियम असा की मॅजिस्ट्रेटच्या सहीचा कागद हातात आल्याशिवाय गोळी चालवायची नाही. विक्रांत म्हणाला, कर्नलसाहेबांनीच मला सांगितलं — कागदाची वाट बघू नकोस, मॅजिस्ट्रेट तोंडी म्हणाला तरी पुरे. मॅजिस्ट्रेट म्हणाला, मी काही बोललोच नाही. कर्नल म्हणाले, मीही नाही. चौकशीच्या फाइलीत एक वाक्य उतरलं — 'कॅप्टनने स्वतःच्या मर्जीने गोळीबार केला.' त्याची बढती थांबली ती थांबलीच. पाच वर्षांनी राजीनामा दिला.

कर्नल आता हयात नाहीत. विक्रांत शेवटचा अर्ज करतोय म्हणे. "पैसा नको गं आम्हाला," शुभदा म्हणाली. "ते एक वाक्य खोडा म्हणावं. त्या तिघांची नावं त्याला अजून पाठ आहेत. आंघोळ करताना पुटपुटतो."

वीस तारखेला दोघांना जेवायला बोलावलंय. दिलीपला सांगितलं तर म्हणाला, "एवढ्यात कशाला?" एवढ्यात! अकरा वर्षं झाली भेटून!

१५ जुलै, मंगळवार

इराला नवीन काहीतरी सापडलं. शाळेतून आल्या आल्या चपला काढायच्या आधी सांगायला लागली. त्या अधिकाऱ्यांना म्हणे सरकारने एक पळवाट दिली होती. ज्याचं स्वतःचं घर अल्स्टरमध्ये आहे त्याने खुशाल गायब व्हावं. खरंच, हाच शब्द — गायब! सगळं शांत झालं की परत यायचं. नोकरीला धक्का नाही, कागदावर डाग नाही. बाकीच्यांनी मात्र जायचं, नाहीतर घरी बसायचं.

"सो अनफेअर, आजी. म्हणजे ज्याचं घर तिथे, त्यालाच फक्त नाही म्हणता येतं?"

मी म्हटलं, आणि ज्याचं नाही त्याच्या खांद्यावर ओझं दुप्पट.

दिलीप पेपर वाचत होता. उठला आणि चालायला गेला. दुपारी तीन वाजता, बुकित बातोकच्या या उन्हात! टोपीसुद्धा न घेता.

२० जुलै, रविवार

जमेल तसं लिहिते.

सकाळी बाजारात ताजी तेंगिरी मिळाली, म्हणजे आपली सुरमई. विक्रांतला आवडते म्हणून आठ तुकड्या तळल्या. सोलकढी, वालाचं बिरडं, श्रीखंड. ते दोघं बरोबर साडेबाराला दारात. विक्रांत वाळलाय. पण बूट अजूनही दाराशी जोडीने, टाचा भिंतीला लावून ठेवले.

जेवताना अर्जाचा विषय निघणारच होता. विक्रांत म्हणाला, "सर, वकील म्हणतो एकच माणूस हवा. साहेबांच्या तोंडून तो हुकूम ऐकलेला. साहेब तेव्हा तेच सगळ्यांना सांगत असणार, पण कोणासमोर? मी बाहेर रेंजवर. तुम्ही तर अकरापासूनच रजेवर."

आणि मी — हातात माशांची ताटली, तोंडभर हसू — मी मूर्खासारखी म्हणाले, "अकरा? छे! हा पंधराला आला पुण्याला. मी विसरेन होय?"

आणि सगळी गोष्ट सांगितली. दर वर्षी निशिगंधाच्या वाढदिवसाला सांगते तीच. पंधराला सकाळी सहा वाजता दारात उभा, अंगावर युनिफॉर्म, दाढी वाढलेली, बूट धुळीने माखलेले. आईने ओळखलंच नाही, "कोण पाहिजे?" म्हणाली. आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुझ्यासाठी साहेबांशी भांडून आलोय." दोन दिवसांनी निशिगंधा झाली. माझ्या संसारातली सगळ्यात सुंदर सकाळ ती!

कोणी हसलं नाही.

"पंधराला?" विक्रांत म्हणाला.

"हो, शनिवार होता."

"एक रात्रीचा प्रवास आहे, वहिनी."

"मग चौदाला निघाला असेल," मी म्हणाले. अजून मला कळत नव्हतं! वाढतच होते मी, बिरडं वाढत होते!

विक्रांतने चमचा खाली ठेवला. "सर, तेराला तुम्ही पलटणीतच होतात?"

"आठवत नाही. चाळीस वर्षं झाली, विक्रांत."

"मला आठवतात. रोज."

शुभदाने पर्स उचलली. श्रीखंड फ्रिजमध्येच राहिलं. विक्रांतने दाराशी वाकून बुटाच्या नाड्या बांधल्या, दोन्ही, नीट, वेळ घेऊन. मग मला म्हणाला, "सुरमई छान झाली होती, वहिनी." आणि लिफ्टकडे गेला.

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२१ जुलै, सोमवार

सकाळी विचारलं. "लष्करी गोष्ट आहे, तुला कळणार नाही."

कळणार नाही! सात वर्षांत नऊ घरं बदलली मी त्याच्या लष्करी गोष्टींपायी. ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने नाव-नंबर मी रंगवलेत. आणि मला कळणार नाही?

दुपारी परत विचारलं. मग हळूहळू, दात काढावा तसं एकेक वाक्य बाहेर आलं. तेराच्या संध्याकाळी तो साहेबांच्या खोलीत होता. साहेब त्याला म्हणाले, कागदाची वाट बघायची नाही, तोंडी पुरे. अगदी तेच शब्द! आणि मग म्हणाले, पण ते तुझं गाव आहे, तू नको जाऊस. रजेवर जा. रजा अकरापासून लावतो, म्हणजे कोणी विचारणार नाही.

"म्हणजे गायब हो," मी म्हटलं.

त्याने पेपर उचलला.

"आणि चौकशी झाली तेव्हा? तिथे का नाही बोललास?"

"बोललो असतो तर रजा खोटी ठरली असती. साहेब गेले असते, मीही."

"म्हणून विक्रांत गेला!"

एकोणचाळीस वर्षं हा माणूस शुभदाची राखी बांधत होता, गेली अकरा वर्षं पोस्टाने आलेली. एकोणचाळीस वर्षं! आणि माझ्यासाठी साहेबांशी भांडून आला म्हणे. माझी ती सकाळसुद्धा खोटी. तेच जास्त लागलंय मला, खरं सांगायचं तर. तिघं मेले, एकाचं आयुष्य गेलं, आणि मी रडतेय माझ्या एका सकाळसाठी. माझीही लाज वाटते.

२२ जुलै, मंगळवार

दोन माणसांचा भात टाकला. वेगवेगळ्या वेळी जेवलो.

२४ जुलै, गुरुवार

आज खाली ब्लॉकच्या बाकावर बसले होते. घरात श्वास कोंडतो. दिलीप खाली आला, शेजारी बसला. समोर दोन चिनी आजोबा पटावर डाव मांडून बसलेले.

मी म्हटलं, "साहेबांनी हळूच दार उघडून दिलं आणि तू सटकलास. निदान त्या आयरिश साहेबलोकांनी तोंडाने नाही तरी म्हटलं!"

तर तो ताडकन उठला. "मीच म्हणालो! कळलं? कुणी दार उघडलं नाही मला. मी नाही म्हणालो!"

आजोबांनी पटावरून मान वर केली.

मग उभ्या उभ्या बोलत राहिला. बाजारात मामाचं दुकान. गिरणीत त्याच्या वर्गातली निम्मी मुलं. त्यातला एक जण लहानपणी विहिरीत उडी टाकून त्याला वाचवणारा. साहेबांना म्हणाला, कोर्ट मार्शल करा, मी माझ्या गावात बंदुका घेऊन जाणार नाही. कमरेचा पट्टा काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी पट्टा त्याच्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, तुझं कोर्ट मार्शल म्हणजे माझ्या पलटणीचं नाव पेपरात. आणि रजेचं रजिस्टर पुढे ओढलं.

"आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? की नवरा हुकूम मोडून आलाय? तू पोटुशी. तुझे वडील रिटायर्ड सुभेदार. त्यांनी मला घरात घेतलं असतं?"

नसतं घेतलं. हे खरं आहे. अप्पांनी दार लावलं असतं.

राग आहे, तसाच आहे. पण कालपर्यंत मी एका पळपुट्यावर रागावले होते. आज कोणावर रागावलेय ते मलाच नीट कळत नाही. पट्टा काढून टेबलावर ठेवणारा तो तेहतीस वर्षांचा मुलगा — त्याच्याशीच तर मी लग्न केलं होतं. त्याला बघितलं मात्र आज पहिल्यांदा.

२७ जुलै, रविवार

निशिगंधा आली होती. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "आई, लेट इट गो. बाबांचं बीपी बघ. सत्तरी उलटलेल्या माणसांनी आता एकमेकांना काय शिक्षा करायची?"

शिक्षा कोण करतंय? एक कागद मागतेय मी! तेराला मी त्या खोलीत होतो, साहेबांनी मलाही तोंडी हुकूम दिला, एवढं लिहून दे. विक्रांतचं ते एक वाक्य जाईल.

"आणि बाबांबद्दल चार वाक्यं येतील त्याचं काय? इथल्या मराठी मंडळाच्या पंधरा ऑगस्टला झेंडा कोणाच्या हस्ते आहे?"

मेजरसाहेबांच्या हस्ते. माहितीये मला. पलटणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीनशे माणसं आहेत, तेही माहितीये. विक्रांतला त्या ग्रुपवर कोणी घेतलेलंच नाही. ते कोणाला माहितीये?

लेकीला पाठवताना डब्यात श्रीखंड दिलं. वीस तारखेचं नव्हे, ते मी टाकून दिलं. दुसरं केलं.

३० जुलै, बुधवार

इराचा निबंध पूर्ण. प्रिंट काढून आणला, आजोबांनी वाचावा म्हणून. शेवट असा आहे — कर्राच्या ब्रिगेडियरने लंडनला जाऊन सरकारकडून लेखी घेतलं, की आम्हाला अल्स्टरवर वापरणार नाही. नंतर सरकारने हात झटकले, मंत्र्याला खुर्ची सोडावी लागली, पण अधिकाऱ्यांचा केससुद्धा वाकडा झाला नाही. आणि पुढच्याच वर्षी, इथे, आपल्या सिंगापुरात, हिंदुस्थानी शिपायांची पलटण बिथरली. त्यांनी माणसं मारली, हेही तिने लिहिलंय, लपवलेलं नाही. पण त्यांना विचार करायला दोन तास कोणी दिले नव्हते. आउट्रमच्या तुरुंगाच्या भिंतीशी, गर्दीसमोर, सत्तेचाळीस जणांना गोळ्या घातल्या. आम्ही त्या बाजूने किती वेळा एमआरटी ट्रेनने गेलो असू!

दिलीपने चष्मा लावून संपूर्ण वाचला. मग विचारलं, "हे लेखी कोणी मागितलं?"

"द ब्रिगेडियर लाह, आजोबा. तोंडी शब्दावर विश्वास नाही ठेवला त्याने. स्मार्ट, राइट?"

"अधिकारी आपल्या साहेबाकडे कागद मागत नाही," दिलीप म्हणाला. "आमच्यात नव्हतं तसं. मागणं म्हणजे अपमान."

"देन हाऊ? साहेब लाय केलं तर?"

त्याने कागद परत पुढे ओढले. मग निबंधावर पेन्सिलने एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि परत दिला.

२ ऑगस्ट, शनिवार

शुभदाचा फोन नाही. मी केला तर उचलत नाही. पाचला रात्री त्यांची फ्लाइट.

आज दिलीपला स्पष्ट सांगितलं. सरकारने त्या साहेबांना दोन तास दिले होते. मी दोन दिवस देतेय, मी उदार आहे! सोमवार संध्याकाळपर्यंत कागद लिहून झाला नाही, तर मी विक्रांतकडे जाऊन तू मला बाकावर सांगितलेलं सगळं माझ्या अक्षरात लिहून देईन. आणि तिथूनच निशिगंधाकडे राहायला जाईन.

"या वयात?"

"या वयातच. तरुणपणी तू सांगशील ते खरं मानत होते मी."

आवाज चढला माझा. मिसेस टॅनचा कुत्रा भुंकला. भुंकू दे!

३ ऑगस्ट, रविवार

तो दिवसभर टेबलाशी. लिहितो, फाडतो. मी विचारलं नाही. चहा ठेवून आले फक्त.

४ ऑगस्ट, सोमवार

लिहिला! चार वाजता बाहेर आला तो पाकीट चिकटवूनच. वर विक्रांतचं नाव, हुद्द्यासकट. "तू नेऊन दे. मला त्याच्यासमोर उभं राहवणार नाही."

"काय लिहिलंस?"

"सगळं. वाचू नकोस, विनू. ज्याचं त्यानेच उघडायचं."

विनू! किती वर्षांनी. बरं, म्हटलं. हॉस्टेलमध्ये सिस्टर आमची घरची पत्रं उघडून वाचायच्या, आईने लिहिलेलं लाडाचं नाव मोठ्याने म्हणून दाखवायच्या. तेव्हापासून मी दुसऱ्याचं पाकीट कधी उघडलेलं नाही. नवऱ्याचंही नाही.

मंडळाच्या सेक्रेटरीला त्याने स्वतःच फोन केला. झेंड्याला दुसरं कोणी बघा म्हणाला. कारण दिलं नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले. रागाचं नव्हतं हे रडू.

५ ऑगस्ट, मंगळवार

देऊन आले. एमआरटीची लाल लाइन, कुठे न बदलता, वर वुडलंड्सला वळसा घालून. लांब पडतं, पण मला बसून राहायचं होतं. पाकीट पर्समध्ये, पर्स पोटाशी. प्रत्येक ब्लॉकच्या कठड्यांना झेंडे लागलेत, लाल-पांढरे, रांगेने.

विक्रांत नातवाला घेऊन खाली गेला होता. शुभदा बॅगा भरत होती. दार अर्धंच उघडलं. मी पाकीट पुढे केलं. म्हटलं, "दिलीपने लिहून दिलंय. तेरा तारखेचं सगळं."

तिने पाकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग दार पूर्ण उघडलं.

"सर स्वतः का नाही आले?"

"लाजतो."

"एकोणचाळीस वर्षं?"

"हळूहळू लाजतो तो."

आणि आम्ही दोघी हसलो! हसता हसता ती माझ्या गळ्यात पडून अशी हुंदके देऊन रडली की सूनबाई धावत आल्या. पाकीट तिने पासपोर्टच्या पिशवीत ठेवलं. म्हणाली, इथे उघडत नाही, पुण्याला गेल्यावर विक्रांत शांतपणे वाचेल. निघताना लिफ्टपाशी ओरडली, "विनीता! वरण की भात?"

"दोन्ही!" मी म्हटलं.

घरी येऊन दिलीपला सांगितलं. त्याने फक्त मान हलवली. त्याच्या पानात आज मी गरम पोळी वाढली, स्वतःच्या हाताने तूप लावून. रागवायचं अजून पुष्कळ बाकी आहे. पण ज्याने तेव्हा नाही म्हटलं आणि आता हो म्हटलं, त्या माणसाची मी बायको आहे. आज पंधरा दिवसांनी दोघं एकत्र जेवलो.

९ ऑगस्ट, शनिवार

शुभदाने पुण्याहून दिलीपच्या कागदाचा फोटो पाठवलाय. तेरा तारीख, साहेबांचा तोंडी हुकूम, त्याचा नकार, अकरापासूनची खोटी रजा, सगळं आहे. खाली आणखी दोन वाक्यं आहेत.

'माझ्या जागी कॅप्टन विक्रांतचं नाव मी सुचवलं. तो लेखी हुकूम मागणार नाही, हे मला माहीत होतं.'

फोटोखाली तिने लिहिलंय — कागद वकिलाकडे दिला. यापुढे फोन करू नकोस.